अतिवृष्टीची मदत : 'हेक्टरी ८,५००' जाहीर होतात, मग खात्यात कमी पैसे का येतात?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पिकं पाण्यात गेली. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्यानंतर फोनवर पैसे जमा झाल्याचे मेसेज आले आणि आकडे बघून अनेकांना प्रश्न पडला, 'एवढेच?' हा हिशेब कसा होतो, ते समजून घेऊया.

दर कोण ठरवतं?

केंद्र सरकारच्या आपत्ती निधीचे निकष असतात. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तरच मदत मिळते. हेक्टरी दर असे आहेत:

- कोरडवाहू : ८,५०० रुपये
- बागायत : १७,००० रुपये
- बहुवार्षिक पिकं (उदा. फळबागा) : २२,५०० रुपये

केंद्राची मर्यादा २ हेक्टरची आहे. राज्याने या वेळी ती ३ हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाण्यांसाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे जाहीर केले.

मग रक्कम छोटी का दिसते?

आपण बोलतो एकरात, सरकार मोजतं हेक्टरात. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. म्हणजे कोरडवाहूला एकरी साधारण ३,४४० रुपये. दोन एकर सोयाबीन पूर्ण गेलं, तरी हातात ६,९०० च्या आसपास. शिवाय पैसे सातबाऱ्यावरच्या सगळ्या जमिनीचे मिळत नाहीत, पंचनाम्यात लिहिलेल्या बाधित क्षेत्राचेच मिळतात.

पाच-दहा रुपयांचे स्क्रीनशॉट खरे असतात का?

असू शकतात, पण आधी ते पैसे कशाचे आहेत ते बघा. पीक विमा आणि आपत्तीची मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मदतीच्या निकषांत किमान रक्कम ठरलेली आहे: कोरडवाहूला १,०००, बागायतीला २,००० आणि बहुवार्षिक पिकांना २,५०० रुपये.

पैसे कुठे अडकतात?

तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनामा करतात. तिथून अहवाल तहसीलदार, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त असा वर जातो. शासन निर्णय निघाला की याद्या पोर्टलवर चढतात, शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो, ई-केवायसी होते आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. फार्मर आयडी असलेल्यांना २०२५ मध्ये ई-केवायसीतून सूट देण्यात आली.

गाडी बहुतेक वेळा तीन ठिकाणी अडते: खातं आधारला जोडलेलं नसतं, सातबारा सामायिक असतो किंवा वडील वारले तरी वारस नोंद झालेली नसते.

यातून कोण सुटतं?

बटाईने किंवा ठोक्याने शेती करणारे. बियाणं, खत, फवारणी त्यांची, पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. मदत नावावर जाते. मालकाने स्वतःहून दिली तर दिली.

तुम्ही काय करू शकता?

पंचनाम्यात आपलं क्षेत्र किती आणि पीक कोणतं लिहिलंय, ते तलाठ्याकडे लगेच तपासा. विशिष्ट क्रमांक यादीत शोधा आणि आपले सरकार केंद्रावर ई-केवायसीची स्थिती बघा. बँकेने ही रक्कम कर्जात वळती केली, तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा. मदतीच्या पैशातून वसुली करू नये, असं शासन निर्णयांतच लिहिलेलं असतं.