गर्भपातानंतर पाळणा लांबवताना

गर्भपातानंतरची पहिली पाळी येण्याआधीच पुन्हा दिवस जाऊ शकतात. पहिल्या तीन महिन्यांत गर्भपात झाला असेल, तर स्त्रीबीज दोन-तीन आठवड्यांत, कधी आठ-दहा दिवसांतही बाहेर पडते. त्यामुळे ‘पाळी आली की बघू’ म्हणून थांबणे धोक्याचे. गर्भपातानंतर पुढची गर्भधारणा किमान 6 महिने लांबवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते.

सर्वांत परिचित साधन म्हणजे तांबी. तिच्यातल्या तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात. 380 ए ही तांबी 10 वर्षे चालते, 375 ही 5 वर्षे. पिशवी साफ करून गर्भपात केला असेल, तर त्याच वेळी ती बसवता येते आणि दुसरी खेप वाचते. दिवस बरेच भरल्यावर गर्भपात झाला असेल, तर ती निसटण्याची शक्यता थोडी जास्त असते. गोळ्यांनी गर्भपात केला असेल, तर तो पूर्ण झाल्याची खात्री करूनच, साधारण पंधराव्या दिवशी, तांबी बसवतात. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा गर्भाशयाला इजा असेल, तर आधी उपचार. तोवर तांबी नको. तांबीने सुरुवातीचे काही महिने अंगावरून जास्त जाते. आधीच रक्त कमी असलेल्या बाईच्या बाबतीत याचा विचार व्हायलाच हवा. हार्मोनची तांबी उलट रक्तस्राव कमी करते, पण ती महाग असते.

दंडाच्या कातडीखाली बसवायची काडी, म्हणजे इम्प्लांट, 3 वर्षे काम करते आणि हजारात एखाद-दुसरीच्याच बाबतीत फसते. गर्भपाताची पहिली गोळी घेतली त्याच दिवशीही ती बसवता येते. पाळी मात्र अनियमित होते. हे आधी नीट सांगितले नाही, तर घाबरून काडी काढून घेतली जाते. भारताच्या सरकारी कार्यक्रमात हे साधन अलीकडेच, टप्प्याटप्प्याने येऊ लागले आहे.

‘अंतरा’ इंजेक्शन 2017 पासून सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते. ते दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. तारीख चुकली की संरक्षण संपत जाते, शिवाय थांबवल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. लवकर मूल हवे असणारीने हे ध्यानात घ्यावे. स्तनाचा कर्करोग झालेल्यांना हार्मोनची साधने (हार्मोनची तांबी, काडी, अंतरा) देत नाहीत. लैंगिक संसर्गापासून यांपैकी एकही साधन वाचवत नाही. त्यासाठी निरोधच लागतो.

1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार 18 वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. साधनासाठीची संमती वेगळी घ्यायची असते. ‘तांबी बसवणार असशील तरच गर्भपात करू’ अशी अट घालणे सर्वस्वी चुकीचे आहे. वेदनेत आणि घाईत दिलेला होकार खरा नसतो, म्हणून सगळे पर्याय गर्भपाताच्या आधीच, शांतपणे समजावून सांगायला हवेत. तांबी आणि काडी दोन्ही मुदतीआधी केव्हाही काढता येतात आणि त्यानंतर लवकरच पुन्हा दिवस राहू शकतात.