कान फुटला म्हणजे काय?

या खेपेच्या भित्तिपत्रकात मी कानाविषयी लिहिणार आहे. माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे हे लिहावेसे वाटले. म्हणून ती चूकच आधी सांगतो.

पूर्वी मी एटापल्लीकडच्या एका शाळेवर होतो. दुसरीत एक मुलगा होता. हाक मारली तर ओ देत नसे. घरी माडिया, शाळेत मराठी. तेव्हा मी धरून चाललो की ह्याला मराठी कळत नाही. वर्ष तसेच गेले. पुढे एकदा वह्या तपासताना ध्यानात आले की फळ्यावरून उतरवलेले त्याचे सारे बरोबर असते, अक्षरही वळणदार. श्रुतलेखन मात्र पार चुकलेले. 'ताट' सांगितले की 'काट', 'सात' सांगितले की 'आत'. अंगणवाडीच्या ताईंना माडिया येत होती. त्यांनी त्याच्या पाठीमागे उभे राहून हळूच माडियात काही विचारले. पोरगा ढिम्म! समोर येऊन मोठ्याने विचारले तेव्हा हसून बोलू लागला. म्हणजे अडचण भाषेची नव्हतीच, कानाची होती. त्याच्या आईला विचारले तर ती म्हणाली, "गुरुजी, कान तर लहानपणापासूनच वाहते जी. पाणी लागलं का वाहते, मग राहते."

आता कानाच्या आत काय आहे ते पाहू. बाहेरून दिसते ती नुसती पाळी. तिच्या भोकातून आत गेले की सुमारे एक सेंटिमीटर रुंदीचा पातळ पडदा लागतो, ढोलकीवर ताणलेल्या कातड्यासारखा. आवाजाने तो थरथरतो. पडद्यामागे लहानशी खोली आहे. तीत हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे एकमेकांना जोडलेली असतात. रिकीब हे आपल्या साऱ्या शरीरातले सर्वांत लहान हाड होय. तांदळाच्या दाण्याहूनही लहान. ही हाडे पडद्याची थरथर आतल्या कानाला पोचवतात आणि तिथून ती मेंदूला कळते.

ह्या खोलीतून एक बारीक नळी नाकाच्या मागे, घशाशी उतरते. तिच्यातून खोलीत हवा जाते. सगळी मेख ह्या नळीत आहे. मोठ्या माणसाची नळी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास आणि उतरती असते. तान्ह्या बाळाची तिच्या निम्मी, आणि जवळजवळ आडवी. त्यामुळे सर्दी झाली, घसा सुजला की नाकातले जंतू सहज वर चढतात. खोलीत पाणी साचते, त्याचा पू होतो, कान ठणकतो, ताप येतो. बाळ रात्रभर रडते, कानाला हात लावते. शेवटी पुवाच्या दाबाने पडदा फाटतो. ह्यालाच आपण 'कान फुटला' म्हणतो.

पू वाहून गेला की ठणका थांबतो आणि मायबापांना वाटते, बरे झाले! पडद्याला पडलेले भोक पुष्कळदा आपोआप भरून येतेही. पण चौदा दिवसांच्या वर कान वाहत राहिला तर तो जुनाट आजार समजावा. कधी कधी तर कान फुटत नाही, दुखतही नाही. आत चिकट पाणी नुसते साचून राहते. अशा मुलाला दाराआडून बोलल्यासारखे बोबडे ऐकू येते. घरी कोणाला पत्ता लागत नाही आणि शाळेत त्याला 'मठ्ठ' हे नाव पडते.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, वाहत्या कानात काही घालायचे नाही. मोहाचे तेल नको, पाल्याचा रस नको, दूध तर नकोच नको. काडी, सुई, कोंबडीचे पीस घालून कोरू नये. कान कोरडा ठेवावा. धुतलेल्या मऊ सुती कापडाची वात वळून कानात अलगद ठेवावी, भिजली की काढून दुसरी ठेवावी. वात कोरडी निघेपर्यंत असे करावे, दिवसातून तीन वेळा. त्यासोबत दवाखान्यात दाखवावेच, कारण औषध कोणते हे डॉक्टर ठरवतात. कानामागे सूज येऊन दुखत असेल तर त्याच दिवशी निघावे, हाटाच्या दिवसाची वाट पाहू नये. ती पुढच्या धोक्याची खूण असते.

आईने बाळाला पाजताना डोके जरा उंच धरावे. बाळाजवळ बिडी ओढू नये. गोवरातही कान फुटतो, म्हणून गोवर-रुबेलाची लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास टोचून घ्यावी.

एक गोष्ट आम्हा मास्तरांसाठी आणि घरच्या मोठ्यांसाठी. कानफटात मारल्याने पडदा फाटू शकतो. न ऐकणाऱ्या पोराला न ऐकल्याबद्दल कानफटात मारायची, ह्याला काय म्हणावे! आणखी, फळ्याकडे तोंड करून शिकवू नये. पत्र्यावर पाऊस वाजत असला की चांगल्या कानाच्या मुलालाही ऐकू येत नाही. कमी ऐकणाऱ्याला पुढे बसवावे, चांगला कान आपल्याकडे येईल असा.

२०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचे डॉक्टरांचे पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा तपासणी करते. त्यात कानही पाहतात आणि पुढचा उपचार मोफत होतो. त्या दिवशी मुलाला मोहफुले वेचायला किंवा गुरांमागे पाठवू नये. मुलांनो, तुम्हीही आपल्या मित्राची परीक्षा घेऊ शकता. त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभे राहून कुजबुजत चार शब्द बोला. तो एकेक शब्द परत म्हणेल. चुकला तर हसू नका, गुरुजींना सांगा.

त्या मुलाला जिल्हा रुग्णालयात नेले. औषधाने कान कोरडा झाला, पण भोक राहिले. ते शस्त्रक्रियेने बुजवता येते, मात्र आधी कान काही महिने कोरडा राहायला हवा, असे डॉक्टर म्हणाले. मग उन्हाळाभर बाकीची पोरे बोडीत उड्या मारायची आणि हा काठावर बसून सगळ्यांचे कपडे सांभाळायचा. पुढच्या वर्षी त्याला मी पहिल्या रांगेत बसवले. पहिल्याच श्रुतलेखनात त्याचे दहापैकी सात शब्द बरोबर आले.