बंदुकीचा परवाना वारसानें येत नाहीं

रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं ठासणीची बंदूक बाळगणारीं घरें कोंकणांत पुष्कळ आहेत. बंदूक बहुधा वडिलांच्या किंवा आजोबांच्या नांवची असते, आणि ते निवर्तल्यावर ती तशीच खुंटीवर राहते. सातबाऱ्यावर वारसांचीं नांवें लागलीं म्हणजे घरांतील सर्व कांहीं आपलें झालें, अशी समजूत असते. आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली; सबब ही समजूत घातक आहे, हें स्पष्ट सांगणें आम्हांस भाग आहे.

जमीन वारसाकडे जाते. परवाना मात्र त्या इसमापुरताच असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचें कलम २१ असें कीं, शस्त्र जवळ ठेवणें कोणत्याही कारणानें बेकायदेशीर झाल्यास तें विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्यतः २ ते ५ वर्षें कैद व दंड आहे. बापाच्या आठवणीपायीं मुलानें तुरुंग पाहावा, हें कोणास रुचेल?

बंदूक जमा केली म्हणजे ती कायमची गेली, असें नव्हे. २०१६ च्या नियमांप्रमाणें मयताच्या वारसास स्वतःच्या नांवें परवाना मागतां येतो. इतकेंच नव्हे, तर परवानाधारकास ७० वर्षें पूर्ण झालीं, किंवा बंदूक २५ वर्षें त्याजकडे असली, तर हयातींतच तो वारस नेमून देऊं शकतो. वारसाचें वय २१ पूर्ण असावें. जिल्हादंडाधिकाऱ्याकडे अर्ज केल्यावर पोलिसांचा अहवाल मागविला जातो. कलम १३ मध्यें पीकसंरक्षणाच्या खऱ्या गरजेसाठीं ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. पुरेशी मालमत्ता नाहीं, एवढ्याच कारणानें परवाना नाकारतां येत नाहीं. नकाराविरुद्ध अपीलही आहे.

एक गोष्ट ध्यानांत असावी. हा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, शिकारीचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालीं रानडुकरावर गोळी झाडण्यास निराळी परवानगी लागते.

ज्या घरीं सत्तरी ओलांडलेले परवानाधारक आहेत, तेथें परवान्याचें पुस्तक आजच उघडून मुदत पाहावी, व मुलाचा अर्ज वडिलांच्या देखतच करावा. जेथें वडील गेले आहेत, तेथें बंदूक आधीं जमा करून पावती घ्यावी, मग अर्ज लिहावा. वारसनोंदीस जी घाई आपण करतों, तीच येथेंही करावी, अशी शेतकरी बंधूंस आमची विनंती आहे.