कॉमन सेन्सची गोष्ट, भाग ६ : मंडालेतला कारखाना, भनपुरीतली भट्टी

गेले दोन आठवडे आपण स्कॉटलंडात मुक्काम ठोकून होतो. थॉमस रीडने १७६४ साली ह्यूमच्या संशयवादाला दिलेलं उत्तर थोडक्यात असं : बाहेर जग आहे, काल घडलेलं आठवतं ते बहुतेक खरंच घडलेलं असतं, समोरच्यालाही मन आहे, या गोष्टी सिद्ध करत बसायच्या नसतात. त्यांच्यावर पाय रोवूनच माणूस बाकीचं सिद्ध करतो. कांटला हे पटलं नाही. १७८३ साली त्याने रीड आणि त्याच्या मंडळींना चांगलंच झोडपलं. युक्तिवाद आटला की चारचौघांचा कौल मागायचा, हे तत्त्वज्ञाला शोभत नाही, असा त्याचा रोख होता. मला कांटचं म्हणणं अर्धंच पटतं. उरलेल्या अर्ध्यासाठी आज मंडालेच्या तुरुंगात जाऊ आणि तिथून रायपूरला.

रीडचा विचार नीतिशास्त्रात शिरला की त्याचं रूप असं होतं : बरं काय, वाईट काय, हे कुणी शिकवावं लागत नाही, आतून कळतं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी ग्रंथांत हा पक्ष जोरात होता. टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली. १९१०-११च्या हिवाळ्यात मंडालेला त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिलं, तेव्हा मिल, स्पेन्सर, ग्रीन, कांट यांच्याबरोबर सिज्विकही त्यांच्या वाचनात होता. सिज्विकने १८७४च्या आपल्या ग्रंथात ‘खरं बोलावं’, ‘वचन पाळावं’ असे सर्वमान्य नियम एकेक करून तपासले आणि प्रत्येकाची कड कुठे ना कुठे उसवलेली दाखवली. टिळकांनी ही संधी सोडली नाही. ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात ते सिज्विकलाच साक्षीला उभा करतात : लहान मुलं, वेडे, आजारी, शत्रू यांच्याशी खोटं बोलणं तुमच्या पंडितांनाही चालतंच की!

सहावं प्रकरण मात्र या लेखमालेच्या थेट कामाचं आहे. ‘आतला आवाज’वाल्यांना टिळक ‘आधिदैवत पक्ष’ म्हणतात. माणसाच्या मनात सदसद्विवेकाची एक देवता बसली आहे आणि ती क्षणात निवाडा देते, असं हा पक्ष मानतो. टिळकांचा आक्षेप साधा आहे. हिशेबात मुरलेला माणूस मोठमोठे गुणाकार तोंडी करतो, म्हणून त्याच्या डोक्यात गुणाकाराची वेगळी देवता आहे असं आपण म्हणतो का? निवाडा झटकन होतो तो सवयीमुळे, त्यामागे शिक्षण असतं. शिवाय ही देवता सगळ्यांत सारखी असेल तर चोराची आणि सज्जनाची वेगवेगळी का बोलते?

मग ते माणसाच्या देहाला एक मोठा कारखाना म्हणतात. इंद्रियांच्या दारांतून माल आत येतो. मन तो घेतं, लावतं, बुद्धीपुढे ठेवतं. बुद्धी निर्णय करते आणि तो अमलात आणण्यासाठी कर्मेंद्रियांकडे पुन्हा मनालाच धावावं लागतं. आपल्या दुसऱ्या भागातला ॲरिस्टॉटल इथे आठवावा. पांढरं आणि गोड हे वेगळे गुण आहेत, हे ना डोळ्याला कळतं ना जिभेला, त्यासाठी दोघांना सामाईक असं काहीतरी हवं, हा त्याचा मुद्दा होता. तो ज्याला सामाईक इंद्रिय म्हणतो, त्याच्या कामाचा बराच भाग आपल्याकडे मन करतं. निवाड्याचं खातं त्यात नाही. कॉमन सेन्सच्या इतिहासातला निम्मा गोंधळ ही दोन खाती एकाच पाटीखाली आणल्याने झाला आहे, असं मला वाटतं.

टिळकांनी कारखाना म्हटलंच आहे, तर तो खऱ्या कारखान्यात लावून पाहू. रायपूरहून बिलासपूर रस्त्याने निघालं की भनपुरी लागते. इथे आणि पुढे उरला, सिलतरा पट्ट्यात लोखंडाचं मोठं काम चालतं. री-रोलिंग मिलमध्ये बिलेट, म्हणजे पोलादाचा लांबट ठोकळा, भट्टीत अकराशे-बाराशे अंशांपर्यंत तापवतात आणि रोलमधून काढून सळई करतात. बिलेट कधी बाहेर काढायचं? आता मोजायला उपकरणं आहेत, पण जुना भट्टीवाला रंग बघतो. लालसर असेल तर थांब. केशरीवरून पिवळ्याकडे झुकला की काढ. थंड बिलेट रोलमध्ये गेलं तर रोलवर भलताच ताण येतो, फार वेळ राहिलं तर पापुद्रे धरून लोखंड वाया जातं. जुन्या पद्धतीच्या मिलमध्ये रोलमधून सळसळत येणारी लाल सळई सांडशीने पकडून पुढच्या रोलमध्ये घालणाराही असतो, आणि त्याला विचार करायला एक क्षणसुद्धा नसतो. कसं कळतं, असं विचारलं तर दोघेही ‘दिसतं की’ एवढंच म्हणतील. रीड असता तर खूश झाला असता. टिळक म्हणाले असते, या दिसण्यामागे किती वर्षांची उमेदवारी आहे ते आधी विचारा. इथे मी टिळकांच्या बाजूचा.

‘गीतारहस्य’ १९१५ साली छापून आलं आणि ते हिंदीत नेलं रायपूरच्या माधवराव सप्रे यांनी. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे, नंतर नागपुरातून ‘हिंदी केसरी’ चालवणारे हेच सप्रे. १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले, माफी लिहून सुटले आणि ती गोष्ट मनाला लावून घेऊन रामदासी वाटेला लागले. त्यांनी ‘दासबोध’ही हिंदीत आणला. या दोन पुस्तकांचं एकमेकांशी पटत नाही, आणि अनुवादकाला ते रोज जाणवलं असणार. टिळक म्हणतात, शहाणपण म्हणजे कमावलेली, शुद्ध झालेली बुद्धी. समर्थ रामदास ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगून थांबत नाहीत, त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाचीही सांगतात. शिकलेला आहे, बहुश्रुत आहे, बोलतोही उत्तम, आणि तरीही मूर्ख. म्हणजे बुद्धी कमावताना ती बिघडूही शकते. टिळकांच्या मांडणीतली पोकळ जागा समर्थांनी अडीचशे वर्षं आधीच दाखवून ठेवली होती.

कारण कमावलेली बुद्धी कुणाची मानायची, हे कोण ठरवणार? टिळकांचा अखेरचा आधार स्थितप्रज्ञ. पण निवाडा रोजचा असतो आणि स्थितप्रज्ञ रोज भेटत नाही. मग त्याच्या जागी अलगद शिकलेला माणूस येऊन बसतो. खुद्द टिळकांचं १९१७ सालचं अथणीचं भाषण कुप्रसिद्ध आहे. तेली, तांबोळी, कुणबी यांनी कायदेमंडळात जाऊन काय करायचं, अशा अर्थाचा सवाल त्यांनी तिथे केला. गुणाकाराची देवता नाकारणाऱ्या माणसाला आपल्या जातीची सवय मात्र जगाचा स्वभाव वाटली. याला समर्थांच्या कुठल्या समासात घालायचं, ते लोकमान्यांच्या भक्तांनी ठरवावं. मी घालून बसलो आहे. ज्याला भट्टीचा रंग कळतो त्याच्या कमावलेल्या बुद्धीला आपण ‘हाताला वळण आहे’ म्हणतो, आणि ज्याला श्लोक कळतो त्याच्या बुद्धीला ‘विवेक’.

ही वाटणी येते कुठून, हा प्रश्न टिळकांनी विचारला नाही. तो विचारला आणखी एका कैद्याने. इटलीतल्या तुरी इथल्या तुरुंगात १९२९च्या फेब्रुवारीत अंतोनियो ग्राम्शीने आपली पहिली वही उघडली. रोजच्या अकलेत जुन्या तत्त्वज्ञानांचा गाळ साचलेला असतो आणि तो कुणी, कधी टाकला हे शोधता येतं, असं त्याचं म्हणणं. त्या वह्या पुढच्या आठवड्यात.