मण एक, वजनें अनेक

‘शेरास सव्वाशेर भेटला’, ‘त्याची प्रकृति तोळामासा आहे’, ‘हा त्याच्या पासंगासहि पुरणार नाहीं’, असे वाक्प्रचार आमच्या भाषेंत पदोपदीं आढळतात. शेर, तोळा व मण हे सरकारी मापांतून गेले, तरी लोकांच्या जिभेवरून गेले नाहींत. परंतु मण म्हणजे नक्की किती, असें कोणी विचारल्यास पूर्वीं त्याचें एकच उत्तर देतां येत नसे. प्रश्न कोणत्या गांवीं आणि कोणत्या मालाविषयीं विचारला, यावर उत्तर अवलंबून असे. या विषयाचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कोष्टक पाहूं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, ऐशीं तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण आणि वीस मणांची खंडी. शेराच्या पोटांत अच्छेर, पावशेर, नवटांक व छटाक अशीं लहान वजनें. छटाक म्हणजे शेराचा सोळावा भाग. ही सोळाची संख्या कां आली असावी? तराजूस पारडीं दोनच. समोरासमोर तोलून एखाद्या राशीचे दोन समान भाग करणें सर्वांत सोपें. असें चार वेळां निम्मे केलें कीं सोळावा भाग हातीं येतो. दहावा भाग या रीतीनें मिळत नाहीं.

कोष्टक पाठ करण्यास सुलभ होतें. घोटाळा होता तो शेराच्या वजनांत. मुंबईचा मण २८ रत्तलांचा, म्हणजे २८ इंग्रजी पौंडांचा. मद्रासेचा २५ रत्तलांचा. आणि बंगालचा बाजारी मण ८२ रत्तलांहून थोडा अधिक. आजच्या मापानें सांगावयाचें तर मुंबईचा मण सुमारें १२.७ किलोग्रॅम व बंगालचा सुमारें ३७.३ किलोग्रॅम. दोहोंचे शेर चाळीसच. पण मुंबईचा शेर सुमारें ३१८ ग्रॅम व बंगालचा सुमारें ९३३ ग्रॅम! खंडीचीहि तीच गत. मुंबईची साधी खंडी ५६० रत्तलांची, तर त्याच शहरांत कापसाची खंडी ७८४ रत्तलांची. आमच्या वऱ्हाडांत रुईचा बोजा ३९२ रत्तलांचा धरीत, तो या कापसाच्या खंडीचा बरोबर अर्धा. ठिकठिकाणीं ‘कच्चा’ शेर व ‘पक्का’ शेर असा भेद असे, तो निराळाच.

हा दोष केवळ आमच्याच देशाचा होता असें मात्र नाहीं. चीन देशांत ‘जिन’ नांवाचें वजन फार प्राचीन. त्याचेहि सोळा भाग करीत व त्या भागास ‘लियांग’ म्हणत. शंभर जिनांचा एक ‘दान’ होई. परदेशी व्यापारी यांसच अनुक्रमें कॅटी, टेल व पिकल म्हणत. मुंबईहून जो कापूस कँटन बंदरास जाई, तो येथें खंडीनें मोजला जाई व तेथें पिकलानें विकला जाई. सर जमशेटजी जीजीभाई यांनीं तरुणपणीं चीनच्या ज्या सफरी केल्या, त्या याच व्यापाराच्या. आजहि हाँगकाँगचा जिन सुमारें ६०५ ग्रॅमांचा, तैवानचा ६०० ग्रॅमांचा, तर चीनच्या मुख्य भूमीवरील ५०० ग्रॅमांचा आहे. मुख्य भूमीवर तर १९५९ पासून जिनाचे भाग सोळाऐवजीं दहा केले आहेत. चिनी भाषेंत ‘अर्धा जिन आणि आठ लियांग’ म्हणजे दोन्ही सारखेच, असा वाक्प्रचार आहे. नव्या कोष्टकांत त्याचें गणित जुळत नाहीं. पण लोकांनीं म्हण सोडिलेली नाहीं. आमच्या ‘सव्वाशेरा’चा हा चिनी भाऊच म्हणावयाचा!

आतां कोणी म्हणेल, नांव एक व वजनें अनेक असलीं तर बिघडलें कोठें? बिघडतें तें तराजू ज्याच्या हातीं नाहीं त्याचें. पुसद हा कापसाचा व जोंधळ्याचा मुलूख. १९०५ पर्यंत हा तालुका वाशीम जिल्ह्यांत होता; पुढें तो यवतमाळ जिल्ह्यास जोडला गेला. दक्षिणेस पैनगंगा, आणि १९४८ पर्यंत तिच्या पलीकडे निजामाचें राज्य व त्याचें निराळें हाली नाणें. रुपयाच्या नाण्यांनीं वजन पडताळण्याचा प्रघात असल्यामुळें नाणें बदललें कीं शेरहि बदलण्याचें भय. वर्षभर राबलेला शेतकरी गाडी घेऊन पेठेंत आला म्हणजे त्यास भाव ऐकूं येई, परंतु तो भाव कोणत्या मणाचा हें कळत नसे. त्यांतून तोलाई, हमाली, धर्मादाय व कडता हीं निघतच. मणामागें शेरभर माल जास्त गेला, तर चाळिसावा भाग फुकट गेला. आणि कर्जदार कुटुंबाची वर्षाची शिल्लक बहुधा तेवढीच असते.

म्हणूनच बाजारसुधारणेचा आरंभ वऱ्हाडांतील कापूसपेठांत व्हावा, हें योग्यच झालें. १८८६ सालीं कारंजा येथील कापसाचा बाजार सरकारी नियमांखालीं आला. तो हिंदुस्थानांतील अशा प्रकारचा पहिला बाजार मानितात. १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला, आणि दलाल व मापारी यांस परवाने घेणें भाग पडलें. तथापि बाजार-समित्यांत व्यापाऱ्यांचेंच प्राबल्य राहिलें, हें व्यंग दूर होण्यास पुढें पुष्कळ काळ लागला.

वजनांच्या एकीकरणाची वाट त्याहून लांब. १८३५ पासून कंपनीच्या रुपयाचें वजन १८० ग्रेन ठरलें, आणि तोच एक तोळा. त्यामुळें ज्याच्यापाशीं खरे रुपये असत, त्यास ऐशीं रुपये पारड्यांत टाकून बंगाली शेराची परीक्षा घेतां येई. १९३९ च्या कायद्यानें हाच तोळा, शेर व मण साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं प्रमाण ठरविले. अखेर १९५६ सालीं स्वतंत्र भारताच्या संसदेनें दशमान वजनांचा कायदा केला. १ ऑक्टोबर १९५८ पासून त्याचा अंमल क्रमाक्रमानें सुरू झाला, आणि १९६२ पर्यंत किलोग्रॅम सर्वत्र रूढ झाला. आतां कापूस क्विंटलानें विकला जातो, आणि पुसदचा क्विंटल व मुंबईचा क्विंटल यांत गुंजेचाहि फरक नाहीं.

तरी सावधपणा सोडूं नये. रुईचे भाव आजहि खंडीवर सांगितले जातात. ती खंडी सुमारें ३५६ किलोग्रॅमांची, म्हणजे जुन्या ७८४ रत्तलांचीच. सराफाच्या दुकानीं ‘तोळा’ म्हणून जें सोनें मागतात, तें बहुधा १० ग्रॅम असतें. जुना तोळा मात्र ११.६६ ग्रॅमांचा. आजीच्या बांगड्या ‘चार तोळ्यांच्या’ म्हणून कोणी सांगितल्यास कोणता तोळा, हें विचारणें घरच्या हिताचें. भाव ऐकण्यापूर्वीं माप विचारावें, हा धडा आमच्या शाळकरी वाचकांनीं गणिताच्या तासापुरताच न ठेवितां बाजारांतहि बरोबर न्यावा. ज्या घरांत एक मूल हिशेब जाणतें, त्या घराची गाडी पेठेंतून सहसा फसून परत येत नाहीं.