कोबीच्या पेशींतील थंडीची स्मृती

कोबीच्या समशीतोष्ण वाणांचे बीजोत्पादन हिमाचल प्रदेशातील कुलूसारख्या थंड खोऱ्यांतच का घ्यावे लागते? याचे उत्तर पेशीकेंद्रकात आहे. तेथे डीएनएचा धागा हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. एका रिळावर सुमारे १४७ बेस-जोड्या मावतात. मोहरीकुळातील वनस्पतींत ‘एफएलसी’ हे जनुक फुलोरा रोखून धरते. दीर्घकाळ थंडी लाभल्यास पॉलीकोम्ब प्रथिनसमूह या जनुकाच्या हिस्टोनांवर मिथाइल खुणा उमटवतो. त्या खुणांना इतर प्रथिने जोडली जातात, क्रोमॅटिन घट्ट बांधले जाते आणि जनुक निष्क्रिय होते. ऊब परतल्यावरही ही स्थिती टिकून राहते व फुलदांडा निघतो. बीज घडताना मात्र खुणा पुसल्या जातात. म्हणूनच प्रत्येक पिढीला थंडी नव्याने मिळणे आवश्यक ठरते.