फीटिंगहोफची माघार आणि बेळगावची पलटण

इटलीतल्या दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या बाजूने हाइन्रिक फॉन फीटिंगहोफ हे नाव पुन्हा पुन्हा भेटते. १८८७ साली माइंझला जन्मलेला हा अधिकारी पोलंड, बाल्कन, रशिया असे करत ऑगस्ट १९४३ मध्ये इटलीतल्या दहाव्या सैन्याचा प्रमुख झाला. सप्टेंबरात सालेर्नोला उतरलेल्या दोस्त फौजांना समुद्रात रेटण्याचा त्याचा प्रयत्न फसला. मग सुरू झाली दीड वर्षाची माघार. नदी धरायची, डोंगर धरायचा, मैलामैलासाठी समोरच्याचे रक्त काढायचे.

ते रक्त आपल्या पोरांचेही होते. मराठा रेजिमेंटचे केंद्र बेळगावच्या कॅम्पात. सीमाभागातल्या खेड्यांपासून कोकण-नगरपर्यंतचे रंगरूट इथे घडले आणि थेट इटलीच्या चिखलात उभे राहिले. १० जुलै १९४४ ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्याने नाईक यशवंत घाडगे यांची सारी तुकडी कोसळली. ते एकटेच ठाण्यावर धावून गेले. आधी ग्रेनेड, मग टॉमीगन, गोळ्या संपल्यावर दस्त्याचे घाव. ठाणे पडले, पण लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय अवघे २२.

मार्च १९४५ मध्ये फीटिंगहोफ इटलीतल्या सगळ्या जर्मन फौजांचा सरसेनापती झाला. पो नदीमागे वेळीच सरकावे, असे त्याचे मत होते. हिटलरने नकार दिला. ९ एप्रिलला सेनिओ नदीवर हल्ला झाला, तेव्हा शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप नेले, परत फिरून मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना दिली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; घाडगे यांना मरणोत्तर.

२९ एप्रिलला फीटिंगहोफच्या प्रतिनिधीने कासेर्ता येथे शरणागतीवर सही केली, २ मे रोजी तोफा थांबल्या. बचावाच्या लढाईत तो निष्णात होता, हे मान्यच. पण ते कौशल्य एका क्रूर राजवटीचे आयुष्य लांबवण्यात खर्ची पडले, आणि त्याची किंमत मराठी घरांनीही मोजली.

बेळगाव-निपाणीकडच्या ज्या घरांत इटलीला गेलेल्या आजोबा-पणजोबांची पदके, पत्रे, पेन्शनचे कागद असतील, त्यांनी नाव, गाव आणि पलटण आजच लिहून ठेवावी.